डावा गळा, उजवा हात

दादा,

फोन वाजला की माझा हात अजूनही थबकतो. आईचं नाव दिसलं की तो लगेच उचलवत नाही. मग आठवतं, ज्या बातमीला मी इतके दिवस भीत होते ती येऊन गेली. तुम्ही गेलात. भीती मात्र गेली नाही. तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

माणसं येतायत, बसतायत, तुमच्याबद्दल बोलतायत. आटपाडीच्या जनावरांच्या बाजारात असा दलाल, असा हेडी झाला नाही, बैल नुसता दावणीवरून सोडून चालवला तरी त्याची खोट सांगायचा, सौदा तुटायला आला की दोघांच्या मधे जाऊन उभा राहायचा. हे त्यांनी सांगावं, त्यांना ते चांगलं येतं. मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय. आपला वाद अर्धा राहिलाय. आता तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तो मी एकटीनं मिटवून टाकणार नाही.

सगळं त्या रिपोर्टपासून सुरू झालं, असं तुमचा लेक दिगू म्हणतो. तुम्ही त्याच्याकडे कराडला राहायला गेला होता. आंघोळ करून येताना झोक गेला, म्हणून कारखान्यात रजा टाकून त्यानं तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला लावायची नळी गळ्याला लावून ऐकलं आणि गळ्याची सोनोग्राफी करायला सांगितलं. रिपोर्ट हातात आल्या आल्या दिगूनं मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, तुझ्या खात्यातलं दिसतंय. वाचून सांग."

माझ्याच खात्यातलं होतं. तुम्ही माझ्या नोकरीला कायम हसायचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिथला रुग्ण तपासून जे लिहिलेलं असतं ते मी सांगलीत बसून वाचते, त्यातल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावते, आणि त्या कोडवरून तिथला विमा मंजूर होतो, हे मी किती वेळा समजावलं असेल. तुम्ही म्हणायचा, "म्हंजे आजारी त्येंचा, डॉक्टर त्येंचा, इमा त्येंचा, आन् नंबर घालायला आमची पोरगी. ब्येस हाय."

गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. वय झालं की त्यांच्यात आतून थर साचतो आणि त्या अरुंद होतात. असे कागद माझ्याकडे रोज येतात. त्यात मी आधी बाजू शोधते, कारण कोडचा शेवटचा आकडा बाजूवर ठरतो. उजवी असेल तर एक, डावी असेल तर दोन, दोन्ही असतील तर तीन. डॉक्टरांनी बाजू लिहायची सोडली असेल तर नऊ. किती टक्के अरुंद झालीय, याला कोडमध्ये जागा नाही. आणि त्या नसेपायी मेंदूचा एखादा भाग मेलाच, तर कोडच बदलतो, पासष्टचा त्रेसष्ट होतो.

तुमचा रिपोर्ट मी तसाच वाचला, सवयीनं. शेजारच्या टेबलावरची मुलगी डबा उघडून मला चटणी घ्यायचा आग्रह करत होती. मी तिला मान हलवली आणि कागदावर बाजू शोधली. डावी. शेवटचा आकडा दोन. मग वर गेले आणि तुमचं नाव वाचलं.

डावी नस, सत्तर टक्क्यांच्या पुढे. त्याच्याबरोबर डॉक्टरांचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं की रुग्णाला कोणतीही लक्षणं नाहीत; नुसता झोक जाणं त्यात धरत नाहीत. दादा, मला सत्तर टक्क्यांपेक्षा त्या ओळीची जास्त भीती वाटली. कारण ती खरी नसावी असं मला वाटत होतं.

त्याच्या थोडं आधी आईनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं की तुमचे दादा आता म्हातारे झाले, बाजारात टॉवेलाखाली भलताच भाव बोलून बसले. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात टॉवेलाखाली झाकून, बोटं दाबून भाव सांगायचा, हे तुम्ही जन्मभर केलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून. तुमची बोटं चुकली हे ऐकून बाजारातली माणसं हसली, आई हसली, मीही हसले. रिपोर्ट हातात आला तेव्हा ती चुकलेली बोटं आठवली. डावी नस मेंदूच्या डाव्या भागाला रक्त देते, आणि मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो. उजवा हात आणि वाचा.

मी रविवारी आटपाडीला आले. तुम्ही अंगणात खोंडाला खरारा करत होता. आमच्या कामात एक नियम आहे. डॉक्टरांच्या लिहिण्यात काही राहिलं असेल तर आम्ही त्यांना प्रश्न पाठवतो, पण त्या प्रश्नात उत्तर सुचवायचं नसतं. मोकळं विचारायचं. मी तसंच विचारलं.

"दादा, मधे कधी काही वेगळं झालं का?"

"येगळं म्हंजे?"

"काहीही. नेहमीसारखं नाही असं."

"मेथी महाग झालीया."

मग मी नियम मोडला. "त्या दिवशी टॉवेलाखाली हात कसा चुकला तुमचा?"

तुमचा खरारा थांबला. तुम्ही खोंडाच्या पाठीवर हात टेकला आणि घरात आई कुठं आहे ते बघितलं. मग हळू म्हणालात, "हात चुकला न्हाई, वैशे. हात व्हताच न्हाई. बोटं दाबाय गेलो तर बोटं दुसऱ्याचीच कुणाची. सांगावं म्हटलं तर शबूद जिभंवर यीना. धा मिन्टं आसंल नसंल. मग आलं सगळं माघारी."

"मग कराडच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्येनं इचारलं, हातपाय ठीक हायत का. तवा ठीकच व्हतं की."

मी तुम्हाला समजावत बसले. झालेलं आहे ते डॉक्टरांच्या कागदावर यायला पाहिजे, लक्षण झालेल्या माणसाचा उपाय वेगळा, गळा उघडून नस साफ करायचा, आणि न झालेल्याचा वेगळा, घाई वेगळी. कागदावर नसेल तर ते झालंच नाही असं धरतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लिवलं न्हाई तर झालं न्हाई, व्हय? मग न लिवल्यालंच बरं."

तेव्हा मला कळलं की तुम्ही भ्यालाय. तुम्हाला मी कधी भ्यालेलं बघितलं नव्हतं. बुजलेल्या बैलापुढे जाऊन त्याची वेसण धरणारा माणूस, पण त्या दिवशी तुमची नजर जमिनीवरून उठत नव्हती. मग तुम्ही आज्जाचं बोललात, तुमच्या वडलांचं. मी त्यांना बघितलेलं नाही. एका बाजूनं अंग गेल्यावर ते बाजेवर पडून होते, तोंडातून एकच आवाज यायचा, आणि त्या एका आवाजातून पाणी पाहिजे की उन्हात ठेवायचंय हे तुम्ही लहानपणी ओळखायचात. "मरणाचं काय न्हाई," तुम्ही म्हणालात. "पर तसं न्हाई व्हायचं मला. आन् गळा चिरून घेऊनबी तसंच झालं तर?"

तुम्हाला वाटत होतं मला माहीत असेल. तुम्ही विचारलंत, "तुझ्याकडं येत्यात त्या कागदातली माणसं, त्येंचं पुढं काय हुतं?"

"मला नाही कळत, दादा. एक कागद येतो, मी कोड लावते, तो जातो. तो माणूस पुन्हा दिसत नाही."

"म्हंजे तू बी हेडीच की गं," तुम्ही म्हणालात. "फकस्त मी इकल्यालं जनावर पुढच्या बाजाराला भेटलं तर इचारतो, दाणा खातंय का, कामाला चालतंय का. तुला तेबी न्हाई."

याच्यावर आपण दोघंही जरा हसलो. पण ते मनात राहिलं. त्यानंतर ऑफिसात गळ्याचा कागद आला की माझी बोटं थांबायला लागली. मी रुग्णाचं वय बघायची. तुमच्या वयाचा असला की पुढे वाचायला भीती वाटायची, जणू खाली कुठेतरी तुमचंच पुढचं लिहिलेलं असेल.

मिरजेच्या सर्जनकडे तुम्ही शेवटी आलात ते आईमुळे. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं ओळखलं. न्हाव्याला तुम्ही गळ्यावर वस्तरा लावू देईनासे झालात, शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवायला लागलात, हाक मारली तर मान न वळवता सगळ्या अंगानं वळायला लागलात, तेव्हा तिनं तुम्हाला विचारलं, "आवं, तुमी गळ्यात काय लपवलंय?"

सर्जननं आधीचा कागद वाचला. "लक्षणं काही नाहीत ना, मामा?" त्यांनी विचारलं. तुम्ही छताकडे बघत बसलात. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. आणि तुम्ही बोललात, सगळं. हात दुसऱ्याचा झाल्याचं, शब्द न आल्याचं. डॉक्टर लिहीत होते आणि मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. डावी नस. उजवा हात. वाचा. त्यांनी सगळं जागच्या जागी लिहिलं.

तुम्ही विचारलंत, "डॉक्टरसायब, नस डावी आन् हात उजवा, ही कसली वायरिंग?"

"देवानं केलीय, मामा. मी नुसता दुरुस्तीवाला."

मग ते गंभीर झाले. म्हणाले, हात एकदा असा गेला की तो इशारा असतो, पुढचा झटका येईल तो जाईलच असं नाही, ऑपरेशन लवकर करू. ऑपरेशनमध्येही धोका असतो, तोही त्यांनी लपवला नाही. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "जत्रा झाल्यावर करूया."

तिथून आपला वाद सुरू झाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, गाडीत, विट्याला चहाला थांबलो तिथं, आणि मग फोनवर. पौषातली जत्रा, खिलार जनावरांचा मोठा बाजार, तुम्ही एकही चुकवलेला नाही. मी म्हणायची, बाजार पुढच्या वर्षीही आहे. तुम्ही म्हणायचात, "बाजार हाय गं. मी हाय का, ते सांग." मी चिडले, रडले, दिगूला मधे घातलं. दिगू मला म्हणाला, "ताई, आपण बांधून न्यायचं व्हय त्येस्नी?"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तुमचा छळ मांडला. गोळ्या तर होत्याच. शिवाय रोज सकाळी आई तुम्हाला खुर्चीवर बसवायची आणि मी फोनच्या पडद्यावरून बघायची. हसा. दोन्ही हात वर करा. एक वाक्य म्हणा. तोंड वाकडं होतंय का, हात खाली घसरतोय का, शब्द अडखळतोय का, एवढंच बघायचं. तुम्ही वैतागायचात. "मी काय बाजारातला बैल हाय व्हय, रोज दात बघाय?" आणि तेच तुमचं त्या दिवसाचं वाक्य धरून आम्ही फोन ठेवायचो. चोवीस तासांची सुटका असं मी मनात म्हणायची. ती ऑफिसला पोचेपर्यंतच टिकायची.

जत्रेला मी तुमच्याबरोबर आले. ते भांडणातलं माझं शेवटचं हत्यार होतं आणि तुम्ही ते हसून घेतलंत. लग्नाआधीही मी कधी तुमचं काम बघितलं नव्हतं. बाजार हा बाईमाणसानं उभं राहायचं ठिकाण नाही असं आपल्याकडे धरून चालतात. माळावर जिकडे बघावं तिकडे पांढरी जनावरं, शिंगांना रंग, धुळीत हलगी वाजत होती. माणसं तुम्हाला बघून वाट देत होती. आणि मी तुमच्या मागून, तुमच्या तोंडाचा उजवा कोपरा बघत.

जतकडच्या एका माणसाचं आदत खोंड होतं, अजून दुधाचेच दात असलेलं, शर्यतीला घ्यायला कराडकडचे लोक आले होते. तुम्ही खोंडाच्या ओठाला हात घातलात, चालवून बघितलंत, खांद्यावरून, खुरावरून हात फिरवलात. मग टॉवेल आला. तुमचा उजवा हात त्याच्याखाली गेला आणि मला दिसेनासा झाला.

तुम्ही आधी काहीबाही बोलत होता. पाऊस, वैरण, शर्यती. मग बोलणं थांबलं. तुमची नजर एका जागी लागली. टॉवेल हलेना. तोंड मिटलेलं, चेहरा लाकडासारखा. समोरचा माणूस तुमच्याकडे बघत होता, तुम्ही कुणाकडेच नाही. मला आजूबाजूचा आवाज ऐकू येईनासा झाला. बाजेवर पडलेला, मी कधी न बघितलेला आज्जा मला स्पष्ट दिसला. मी ओरडले, "दादा!"

सगळी माणसं वळली. तुम्हीही वळलात, आणि असे संतापलात की बस. "काय झालं गं?"

"तुम्ही बोलत का नाही?"

"आगं, सौदा चाललाय! हेडी गप बसला तर समोरचा भावात सरकतो, न्हाईतर न्हाई सरकत!"

तो जतकडचा माणूस पोट धरून हसला, कराडवाले हसले, आणि त्या हसण्यातच सौदा झाला. तुम्ही खोंडाचं दावं नव्या मालकाच्या हातात दिलंत. मी मात्र उसाच्या रसाच्या गाड्यामागे जाऊन खाली बसले.

परत येताना दिगू गाडी चालवत होता. तुम्ही मागे माझ्याशेजारी बसला होता. मधेच म्हणालात, "लय भ्यालीस."

"हो."

"मी बी भ्यालोय. त्या दिवसापास्नं रोज."

"मग कशाला आलात जत्रेला?"

"भ्यालोय म्हणून घरात बसलो असतो, तर झटका न येताच आज्जा झालो असतो." मग तुम्ही माझ्या गुडघ्यावर थोपटलंत. "ने आता मिरजंला. कापू दे त्यास्नी काय कापायचं ते."

इतक्या वर्षांत आपण दोघांनी एकमेकांना सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट असेल, दादा. त्यासाठी मी त्या जत्रेची ऋणी आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण ते सांगितलं असतं तर जत्रेच्या वादात तुमची सरशी झाली असती.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी पेननं तुमच्या गळ्याच्या डाव्या बाजूला खूण केली. जी बाजू मी रोज कागदात शोधते ती पहिल्यांदा मला माणसाच्या कातडीवर दिसली. सुरकुतलेली, दाढीचे पांढरे खुंट असलेली, आत नस उडत असलेली. तुम्ही त्यांना बजावलंत, "उजवीकडं कापू नगासा चुकून." ते म्हणाले, "म्हणूनच खूण केली, मामा." तुम्ही टोपी काढून आईकडे दिलीत. तुम्ही बाहेर येईपर्यंत ती टोपी तिच्या मांडीवर होती. कुणी चहा आणला, तिनं घेतला नाही. तिला वाटत होतं टोपीवरचा हात काढला तर आत काहीतरी होईल.

तुम्ही नीट बाहेर आलात. नस साफ झाली, डॉक्टर म्हणाले. मला आत सोडलं तेव्हा मी अजून बिछान्याशी पोचलेही नव्हते, तर तुम्ही उजवा हात वर केलात. मग डावा. मी म्हटलं, "हसा बघू," तर ओठ वर करून सगळे दात दाखवलेत, बैलाचे बघतात तसे. दादा, मी त्या खोलीत नाचायचीच बाकी होते. बाहेर येऊन आईला सांगितलं, दिगूला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा आवाज बसलेला होता. गळ्यातला आवाजाचा मज्जातंतू दुखावला की काही दिवस असं होतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी तुमच्या उशाशी वाकले तेव्हा तुम्ही काहीतरी म्हणालात. लांब वाक्य होतं. मला नुसती फुसफुस ऐकू आली. तुम्ही परत म्हणायला लागलात, आणि मी तुमच्या ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "दादा, आवाजाला विश्रांती द्या. उद्या सांगा."

दुपारी तुमचं हृदय थांबलं.

आईनं मला अनेकदा विचारलंय की तुम्ही काय म्हणाला असाल. घरचं काही, खोंडाला वैरण घालायला सांगितलं असेल, पाणी मागितलं असेल. येणारी माणसं तर अशा वेळी काय म्हणतात ते तयारच ठेवून असतात. मी कुणाला काही सांगत नाही. मला कळलं नाही, एवढंच सांगते. तिथं मी माझ्या मनानं काही भरणार नाही, दादा. तुमचं वाक्य तुमचं आहे.

सर्जन आमच्याशी बराच वेळ बोलले. म्हणाले, गळ्यात जे साचतं ते हृदयाच्या नसांतही साचलेलं असतं, घर एकच, नळ एकाच वयाचे. ऑपरेशनच्या आधी हृदय तपासलं होतं, त्यात अडवण्यासारखं काही दिसलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, ऑपरेशन केलं नसतं तर? ते म्हणाले, हे जत्रेतही होऊ शकलं असतं, ऑपरेशनच्या ताणानंही झालं असू शकतं, आणि ऑपरेशन टाळलं असतं तर तो मोठा झटका आला असता की नसता, हेही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

म्हणजे आपल्या वादाचं काय ठरलं? मी म्हणत होते लगेच. लगेच केलं असतं तर तुमची ती जत्रा झाली नसती, आणि कदाचित हेच झालं असतं, फक्त आधी. तुम्ही म्हणत होता जत्रेनंतर. जत्रेत तुम्हाला काही झालं नाही, म्हणजे तुमचं बरोबर निघालं. पण मी हट्ट धरला नसता तर तुम्ही ऑपरेशनला गेला असता का? नाही. मग आज असता का? कदाचित असता, बाजेवर, एका आवाजात बोलत. कदाचित अंगणात खरारा करत असता. मी एकेक वाट धरून शेवटापर्यंत जाते आणि शेवटी प्रत्येक वेळी तुम्ही माझ्याकडे बघत उभे असता, आणि काही बोलत नाही. सौद्यात बसल्यासारखे.

तुम्ही गेल्यावर दिगूला एक सवय लागली. बोलता बोलता त्याचा हात गळ्याकडे जायचा. दोन बोटं लावून तो ठोके बघायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तंबाखूचा मावा खातो, आणि सर्जननं जाताना आम्हा दोघांना सांगितलं होतं की घरात हे आहे, तुम्हीही एकदा बघून घ्या. तेराव्यानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला. "ताई, बघायचं का गं?"

तुमच्या वेळी मी किती ठामपणे बोलले होते, दादा. आता मी दोन्हीकडचा हिशेब करत बसले. बघितलं आणि काही निघालं, तर पुढचं सगळं पुन्हा. ती खूण, ती टोपी, ते हात वर करा. बघायला नको म्हणावं आणि एक दिवस कराडहून त्याच्या बायकोचा फोन यावा, तर? मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "तुला इचारतोय."

आई आत भांडी लावत होती. ती तिथूनच म्हणाली, "बघायचं. न बघता भ्यायचं, त्यापरास बघून भिऊया."

मिरजेच्या त्या दारात पुन्हा पाय टाकवेना, म्हणून सांगलीत एके ठिकाणी गेलो. आईला घरी थांब म्हटलं तर ती आधीच पायताण घालून उभी होती. तपासणीच्या खोलीत मला आत येऊ दिलं. तुमच्या वेळी मी नव्हते. मी गळ्याबद्दल एवढं वाचलंय, पण चालती नस कधी बघितली नव्हती. दिगू आडवा झाला, मान वळवली, त्यांनी गार चिकट मलम लावलं आणि यंत्र टेकवलं. पडद्यावर लाल-निळं हललं आणि खोलीत आवाज भरला, पाटातून पाणी सुटल्यासारखा, थांबून थांबून. दिगूनं माझी बोटं इतकी आवळली की दुखायला लागली. "ताई, काय दिसतंय?" मला काही कळत नव्हतं. मी फक्त त्या डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा काही सांगत नव्हता. त्यांनी डावी बाजू बघितली. परत बघितली. उजवी बघितली. मग पुसायला कागद देत म्हणाल्या, "दोन्ही बाजू स्वच्छ आहेत. मावा सोडा."

दिगू उठला तो गळा पुसत पुसतच बाहेर गेला. बाहेर आई बाकावर डोळे मिटून बसली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "आई, काय न्हाई."

"परत सांग."

"काय न्हाई गं. दोनी बाजू मोकळ्या हायत."

"परत."

तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की नंबर लावून बसलेली माणसं वळून बघायला लागली. आईनं डोळे उघडले. त्याच्या गळ्यावरून दोन्हीकडून हात फिरवला. आणि मग तिनं हंबरडा फोडला. तुमचं नाव ती कधी घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही, नुसतं "आवं... आवं..." म्हणत राहिली. दादा, तुम्हाला घरी आणलं तेव्हा ती रडली नव्हती. सरणाजवळ नाही, दहाव्याला कावळा शिवला तेव्हाही नाही. येणाऱ्या बायका आपापसात म्हणत होत्या, काळीज दगडाचं हाय. तसं नव्हतं. तिला अजून एकासाठी भ्यायचं होतं, आणि ते उरकल्याशिवाय ती तुमच्यासाठी रडायला बसू शकत नव्हती.

दिगू तिला उठवायला लागला. कुणीतरी पाणी आणलं. मी म्हटलं, "राहू दे. रडू दे तिला." आणि तिच्याशेजारी बसून, माणसांच्या देखत, मीही सुरू झाले.